ब्रोच जुना आहे का? आधी उलटा करून बघा

फोटो येतो तो नेहमी दर्शनी बाजूचा. "ताई, आजीच्या पेटीत हा ब्रोच सापडला. खरंच जुना आहे का? तुम्ही कसं ओळखता?" मी बर्मिंगहॅमला राहते आणि इथल्या जुन्या बाजारांतून ब्रोच जमवते. हे कळलेल्या प्रत्येकाने मला कधी ना कधी हे विचारलं आहे. त्यावर माझं पहिलं म्हणणं एकच असतं, पाठीमागचा फोटो पाठवा.

पुढची बाजू फॅशनप्रमाणे घडते आणि फॅशन फिरून फिरून येते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली फुलंपानं आजही बनतात. पाठ मात्र कारागीर आपल्या काळाच्या सवयीने करून मोकळा होतो.

आधी पिन बघा. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रोचला बहुधा उघडा आकडा असतो. पिन त्यात नुसती अडकते, बंद होत नाही. कित्येकदा तिचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर येतं. फिरवून बंद होणारी कडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि हळूहळू सगळीकडे रुळली. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण पिन तुटते आणि सोनार नवी लावून देतो. कडीच्या बुडाशी भिंग धरा. तिथे वेगळ्या रंगाचा डाख, म्हणजे जोडणीचा धातू, पसरलेला दिसला तर दुरुस्ती झाली आहे. जमवणारे बरेच जण अशा ब्रोचला नाक मुरडतात. मला ते मुळीच पटत नाही. तो कुणाच्या तरी इतका आवडीचा होता की मोडल्यावरही टाकवला नाही, आणि माझ्या लेखी ही त्याची जमेची बाजू आहे.

मग शिक्के. माझ्याकडे बोटाच्या दोन पेरांएवढा एक आडवा ब्रोच आहे. मधे अर्ध्या मोत्यांची छोटी चांदणी, दोन्ही बाजूंना साधी सोन्याची पट्टी. उलटा केला की पट्टीवर बारीक अक्षरांत 15 दिसतो. हा आकडा दिसला की मला फार आनंद होतो. ब्रिटनमध्ये 15 कॅरेटचा कस 1854 मध्ये मान्य झाला आणि 1932 मध्ये बंद झाला; 12 आणि 15 दोन्ही जाऊन त्यांच्या जागी 14 आला. म्हणजे त्या दोन अंकांनीच काळाची चौकट आखून दिली. सोबत जहाजाचा नांगर असेल तर सोन्याच्या कसाची तपासणी बर्मिंगहॅमच्या कचेरीत झाली, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला. त्याशेजारचं एकुलतं अक्षर वर्ष सांगतं. ते दर वर्षी बदलायचं, आणि अक्षरमाला संपली की वळण किंवा चौकट बदलून पुन्हा सुरू व्हायची. म्हणून नुसतं अक्षर वाचून भागत नाही, त्याची चौकटही बघावी लागते. नाजूक दागिन्यांना या शिक्क्यांतून बरेचदा सूट असायची, तेव्हा पाठ कोरी दिसली तरी हिरमुसू नका.

काळे ब्रोच ही माझी खास आवड. 1861 मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला आणि सुतकातल्या दागिन्यांची मागणी फार वाढली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात जेट कोरणाऱ्यांची चलती झाली. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून काळं झालेलं लाकूड. हातावर घेतलं की वजनच जाणवत नाही, आणि स्पर्शही कोमट. त्याची नक्कल काळ्या काचेत व्हायची. ती जड आणि गार लागते. दुसरी नक्कल कडक केलेल्या रबराची. तेही हलकंच, पण उजेडात राहून तपकिरी पडतं, आणि साच्यातून काढलेलं असल्यामुळे त्याच्या पाकळ्यांच्या कडा बोथट असतात. जेटच्या पाकळीवर हत्याराची धार दिसते. ती एकदा भिंगातून पाहिलीत की विसरणार नाही.

आपल्याकडच्या पेट्यांतले ब्रोच बरेचसे पदराचे. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत खांद्यावर टाचलेले दिसतात ते. त्यांना हे इंग्रजी शिक्के लावून बघू नका. भारतात सोन्याचं हॉलमार्किंग 2000 साली सुरू झालं, त्यामुळे शिक्का नाही म्हणून आजीचा ब्रोच खोटा ठरत नाही. तिथे कोंदण हातचं आहे का, पिन कशी झाळली आहे, हे बघायचं. तो लावलेला आजीचा फोटो घरात असेल तर तो सगळ्यात भक्कम पुरावा.

आणि कृपा करून आधी पॉलिश करून घेऊ नका. पुसट शिक्का चाकाखाली कायमचा जातो. अर्धे मोती बरेचदा चिकटवलेले असतात, ते पाण्यात सुटतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडली की माझ्यासाठी तेवढं पुरे.