दीडच्या आत शिडीखाली

ऑक्टोबरातल्या ट्रेकचं वेळापत्रक मी उलट्या बाजूने लिहिते. निघायचं किती वाजता हे सगळ्यात शेवटी ठरतं. कागदावर पहिली येते ती शेवटचा माणूस लोखंडी शिड्यांवरून खाली उतरण्याची वेळ. भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या रतनगडासाठी ती दुपारी दीडची धरली होती.

दीडच का, तर परतीच्या पावसामुळे. सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं असतं. मग उकाडा वाढतो आणि दोन-अडीचच्या सुमाराला अलंग-मदन-कुलंग या शेजारच्या किल्ल्यांच्या मागे ढग चढायला लागतात. हा पाऊस विजा घेऊन येतो. ओल्या कातळावर लोखंडाला घट्ट धरून उभा असलेला माणूस तेव्हा मला शिडीवर नको असतो. एवढ्या एका गोष्टीवर बाकीचं सगळं बसवायचं. आम्ही सोळा जण होतो: तेरा पाहुणे, दोघे लीडर आणि पायथ्याच्या रतनवाडीतला वाटाड्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस, म्हणजे सगळे उतरायला पाऊण तास तरी हवा. म्हणून पाऊण वाजता पहिला माणूस गणेश दरवाजाबाहेर आणि सव्वाबाराला माथा सोडायचा. नेढं, म्हणजे माथ्यावरच्या कातळातलं आरपार भोक, करायचं असेल तर सव्वादहाला वर पोहोचायलाच हवं. एवढं मागे येत गेल्यावर कुठे रतनवाडीतून निघायची वेळ आली, पहाटे साडेसहा.

या तुकडीत श्रीरामपूरकडचे एक शेतकरी काका होते. वय अठ्ठावन्न, पुतण्याने नाव नोंदवलेलं. फोनवर मी गुडघ्यांची, दम लागण्याची चौकशी केली तेव्हा म्हणाले, "ताई, चालायचं सोडा, दिवसभर शेतातच असतो. मला फक्त वरनं पाणी बघायचंय." त्यांचा ऊस भंडारदऱ्याच्या पाण्यावर. धरणातून सुटलेलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून कालव्यात आणि मग चाऱ्यांनी, म्हणजे छोट्या पाटांनी, शेतात. पाणी सोडण्याच्या अशा एकेका पाळीला आवर्तन म्हणतात. धरण बांधून झालं १९२६ साली. म्हणजे काकांच्या आजोबांपासून घर या पाण्यावर उभं. अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट, हा आकडा ते जन्मभर ऐकत आलेले, पण ते पाणी एकत्र कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ट्रेकला येण्याची कारणं मी खूप ऐकली आहेत. इतकं सरळ कारण क्वचित.

अमृतेश्वराच्या देवळापासून वेळेवर निघालो. वाट प्रवरेच्या ओढ्याला धरून जाते आणि तो पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. पाणी घोट्याएवढं, तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. पुढे रानात चिखल लागला, दोघींचे बूट सारखे घसरत होते आणि त्यांना घाई करण्यात अर्थ नव्हता. माथ्यावर पोहोचायला अकरा वाजले. नेढं तिथेच गेलं.

वर धुकं होतं. दहा हातांवरचा माणूस दिसेना. बाकीचे डबे उघडून बसले, काका राणीच्या हुड्यापाशी, तिथल्या बुरुजाशी, जाऊन उभे राहिले. डबाही घेतला नाही. बाराला दहा कमी असताना वारा फिरला आणि खालचं धुकं फाटायला लागलं. आधी दिसला नुसता काठ, तांबूस, पावसाने धुतलेल्या मातीचा. मग पाण्यात शिरलेली डोंगराची एक सोंड, तिच्या पलीकडे दुसरी, आणि मध्ये गडद हिरवं, हलत नाहीसं वाटणारं पाणी. कळसूबाई शेवटपर्यंत ढगातच राहिली, शेंडी गावाजवळची धरणाची भिंतही दिसली नाही. चार-पाच मिनिटांत पडदा पुन्हा ओढला गेला. काका एवढंच म्हणाले, "आमच्या चारीला हातभर पाणी येतं हो."

पाणी दिसल्यावर सगळ्यांना नेढ्याची ओढ लागली. एका मुलाने अजिजीने विचारलं, "ताई, फक्त अर्धा तास?" त्या वेळी धुकं खालीच होतं, डोक्यावर ऊन होतं. मी नाही म्हटलं आणि सव्वाबाराला माथा सोडला. ऊन असताना नाही म्हणणं माझ्या कामात सगळ्यात अवघड जातं, कारण समोर दाखवायला काहीच नसतं. शेवटचा भिडू शिडीखाली आला तेव्हा दीडला पाच कमी होते.

दोनच्या सुमाराला, आम्ही दाट रानात असताना, पहिली वीज झाली. मी मोजायला लागले. बाराव्या सेकंदाला गडगडाट आला. तीन सेकंदांना एक किलोमीटर धरला तर वीज चार किलोमीटरवर होती. पुढची नऊ सेकंदांची. शिड्या मागे राहिल्या होत्या. मग पाऊस असा कोसळला की वाटेचाच ओहोळ झाला.

गावाआधीच्या ओढ्याशी आलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होतं. पलीकडचा काठ पंधरा पावलांवर. सगळे भिजलेले, कुडकुडत होते, आणि मीही साखळी करून उतरवायच्याच बेतात होते. तेवढ्यात काकांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला.

"ताई, थांबा. काडीकचरा आला."

पाण्यावर सुकी पानं, बारीक काटक्या, फेसाचे गोळे येत होते आणि पाण्याला तांबडी झाक चढत होती. "आवर्तन सुटलं की असंच होतं. पहिल्यांदा कचरा येतो, पाणी मागनं येतं." वाटाड्याने वरच्या अंगाला नजर टाकली आणि सगळ्यांना काठापासून मागे, चढावर घेतलं. सकाळी ज्या सपाट दगडावर पाय ठेवून आम्ही ओढा ओलांडला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांत बुडाला. मग आवाज वाढला. मांडीएवढा एक ओंडका गिरक्या घेत समोरून गेला. आम्ही उतरलो असतो तर तेव्हा निम्मी साखळी पाण्यात असती.

काठावर आम्ही दोन तास काढले. प्लॅस्टिकच्या कागदाखाली दाटीवाटीने बसून गूळ-शेंगदाणे वाटून खाल्ले. काकांनी काठाच्या मातीत पाण्याच्या रेषेशी एक काटकी रोवली होती आणि दर थोड्या वेळाने ते तिच्याकडे बघत होते. काटकी बुडाली, बराच वेळ दिसली नाही, मग पुन्हा वर आली. पाणी तिच्या वीतभर खाली गेलं, सपाट दगड उघडा पडला, तेव्हा पाचला सॅकचे कमरेचे पट्टे सोडून, एकमेकांची मनगटं धरून आम्ही उतरलो. रतनवाडीत पोहोचलो तेव्हा उजेड होता. सगळ्यांचे टॉर्च सॅकमध्येच राहिले.

विजेसाठी मी मिनिटांचा हिशेब केला होता. ओढ्यासाठी मात्र सकाळचं घोट्याएवढं पाणी पाहून पुढे गेले, आणि ती चूक माझीच. आता माझ्या कागदावर प्रत्येक ओढ्याची वेगळी ओळ असते: वर पाऊस झाला तर कुठे थांबायचं, किती वेळ थांबता येईल, तेवढ्यासाठी खाणं आणि कोरडे कपडे आहेत का. अंधाराआधीचे दोन तास मी कशालाच देत नाही.

जानेवारीत काकांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता. "आवर्तन आलंय ताई. चारीवर उभा आहे." मग विचारलं, फेब्रुवारीत ओढा कोरडा असतो का, नेढं राहिलंय.