संत्रा बर्फी, सावजी मसाला आणि कस्टम्सचा फॉर्म

नागपूरहून परदेशी निघालं की बॅगेत संत्रा बर्फी आणि सावजी मसाला असतोच. ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवाशाने भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांचा प्रश्न आला, की शिजवलेलं, वाळवलेलं, पाकीटबंद, सगळं त्यात मोडतं. म्हणून 'हो' वर खूण करा. 'घरचा चिवडाच तर आहे' म्हणून 'नाही' लिहिलं की दंड बसू शकतो. पदार्थ आधीच जाहीर केला, तर फार तर तो तिथेच ठेवून घेतात.

बर्फी, पेढे तर नेऊच नका. दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात सोडत नाहीत, कारण जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची भीती. ताजी संत्रीही घरीच राहू द्या.

सगळ्यात जपायचं ते खसखशीला. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. शारजा किंवा दुबईला जायचं असेल तर खसखस घातलेला सावजी मसाला आणि दिवाळीचे अनारसे बॅगेतून आधी काढा. आजी रागावली तरी चालेल!

मसाले कंपनीच्या सीलबंद पाकिटात, घटकांची इंग्रजी यादी दिसेल असे न्या. खाऊची सगळी पाकिटं एकाच पिशवीत, बॅगेत वरच ठेवा. तपासणीत सामान उपसावं लागत नाही. पेन, पासपोर्ट नंबर आणि मुक्कामाचा पत्ता हाताशी असू द्या.