तुम्ही विचारलंत म्हणून : इटलीची इतिहासमंडळे नेमके काय करतात?

इटलीच्या इतिहासाला वाहिलेल्या मंडळांत सभा, व्याख्याने आणि पारितोषिके यांपलीकडे काही घडते का, असे मला वरचेवर विचारले जाते. विचारणाऱ्यांना मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ठाऊक असतात. मात्र इतिहास ज्या कागदांवर उभा असतो ते कोणी वाचले, उतरवून घेतले आणि छापले, याकडे सहसा कोणाचे लक्ष गेलेले नसते. साधने शोधून ती बिनचूक छापणे हेच या मंडळांचे खरे काम आहे, असे माझे उत्तर असते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याहून अधिक सांगावे लागत नाही.

सार्डिनियाचा राजा कार्लो अल्बेर्तो याने १८३३ मध्ये ट्यूरिनला सरकारी इतिहास-समिती नेमली. जेनोआचे मंडळ १८५७ मध्ये, म्हणजे इटलीतील वेगवेगळी राज्ये एक होण्याच्या, एकीकरणाच्या आधीच निघाले आणि १८७० नंतरच्या दशकात मिलान, नेपल्स, रोम येथेही मंडळे उभी राहिली. शहरागणिक मंडळ निघण्याचे कारण साधे होते. एकीकरणापूर्वी प्रत्येक राज्याचे दप्तर निराळे होते आणि राजधानी रोमला गेली तरी कागद जागच्या जागीच राहिले. १९३५ मध्ये फॅसिस्ट राजवटीने या मंडळांची स्वायत्तता काढून घेऊन त्यांना सरकारी चौकटीत बसवले. त्यांपैकी अनेकांना ती युद्धानंतरच परत मिळाली.

या कामाचे मोल नेपल्समध्ये जितके स्पष्ट दिसते तितके मला अन्यत्र कोठे दिसलेले नाही. तेराव्या शतकात फ्रान्समधून येऊन नेपल्सवर राज्य करणाऱ्या आंजू घराण्याच्या राजांच्या दरबारी नोंदवह्यांचे ३७८ खंड तेथील दप्तरखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचावेत म्हणून ते सान पाओलो बेल्सितो गावाजवळच्या एका वाड्यात हलवण्यात आले आणि ३० सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी तेथेच ते जाळून टाकले. दप्तरखान्याचे प्रमुख रिकार्दो फिलांजिएरी यांनी त्यानंतर जे आरंभले, त्याबद्दल मला नितांत आदर वाटतो. जुन्या संशोधकांनी केलेल्या नकला, त्यांची टिपणे, छायाचित्रे, मायक्रोफिल्म आणि नियतकालिकांत छापून गेलेले उतारे असे जगभर विखुरलेले सारे गोळा करून त्या नोंदवह्या पुन्हा जुळवण्यास त्यांनी सहकाऱ्यांसह सुरुवात केली. नेपल्सच्या पोंतानियाना अकादमी या विद्वत्संस्थेने १९५० पासून या जुळवलेल्या नोंदवह्यांचे खंड प्रसिद्ध केले. त्यांत नोंदीखाली मूळ वहीचा व पानाचा जुना क्रमांक आणि मजकूर आता कोणत्या साधनावरून घेतला, हे दिलेले असते. कामिल्लो मिनिएरी रिच्चो यांनी फ्लॉरेन्सच्या एका ऐतिहासिक नियतकालिकात १८७५ पासून छापलेले आंजू घराण्यातील पहिला राजा पहिला चार्ल्स याच्या कारकिर्दीचे रूक्ष वाटणारे सारांश त्या वेळी किती जणांनी वाचले असतील कोण जाणे. १९४३ नंतर मात्र तेच साधन झाले.

देशाबाहेरील मंडळांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. अमेरिकेतील १९५६ पासूनची संस्था तेथील इतिहासकारांच्या वार्षिक अधिवेशनात इटलीवरील चर्चासत्रे भरवते; ब्रिटनमधील १९८२ ची संस्था आधुनिक इटलीविषयीचे नियतकालिक चालवते. खुद्द इटलीत १९८९ मध्ये स्त्री-इतिहासकारांनी स्वतःची संस्था काढली आणि स्त्रियांच्या इतिहासाला हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले. चर्चासत्रे हवीतच, तरीही चांगल्या निबंधापेक्षा नीट केलेली व्यक्तिसूची अधिक वर्षे उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

हे काम प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्यांनी जेनोआपासून सुरुवात करावी. तेथील मंडळाने आपले जुने-नवे खंड इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. मूळ कागद बहुधा लॅटिनमध्ये असले तरी प्रस्तावना सहसा इटालियनमध्ये असतात. आधी प्रस्तावना वाचावी, मग शेवटच्या सूचीतून एखाद्या व्यापाऱ्याचे नाव निवडावे आणि ते ज्या ज्या पानांवर येते ती पाने क्रमाने उघडावीत.