बांधलेले हात

मी डिचोली भागातली, स्टाफ नर्स, मेडिकल वॉर्डात अकरा वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी आम्हाला शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी आणि त्यातली नैतिकता यावर ट्रेनिंग होतं. खरं सांगते, मनात नव्हतं जायचं, नाईट करून थेट बसलेले.

आधी कायद्याचं झालं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही पुरते. आपल्या गोव्यातच 2024 मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, हे ऐकून बरं वाटलं. मग रोल प्ले. मला पेशंट करून खाटेवर झोपवलं, हात गॉजने रेलिंगला बांधले, नि दोघी माझ्या अंगावरून एकमेकींशीच बोलत राहिल्या. पाचच मिनिटं. नाकाला खाज सुटली आणि खाजवता येईना, तेव्हा मला आमचे सात नंबरचे आजोबा आठवले आणि पोटात कालवलं.

आजोबांचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरलेला. पाणी पिताना ठसका लागायचा म्हणून रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी, घातलेली, ती त्यांनी दोनदा ओढून काढली, म्हणून हात बांधले. बांधले म्हणजे मीच बांधले. "ऑर्डर आहे," असं म्हणून.

संध्याकाळी ड्युटीवर गेले तर ते म्हणाले, "बाय, हात सोड गो." हे ते रोजच म्हणायचे. त्या दिवशी मी सोडले आणि स्टूल ओढून बसले. विचारलं, आजोबा तुम्हाला काय झालंय ते कोणी सांगितलंय का? ते म्हणाले, "हांव जाणा. पूण म्हाका कोणें विचारूंकच ना." म्हणजे मला ठाऊक आहे, पण मला कोणी विचारलंच नाही. मग हवंय काय? पेज. आणि तिच्याबरोबर तोराचं, म्हणजे छोट्या कैरीचं, लोणचं.

मुलगा घाबरला, नळी काढली तर बाबा उपाशी मरतील म्हणाला. त्याचं चुकलं असं मला नाही वाटत, आपल्याकडे माणसाला जेवू घालणं म्हणजेच माया. डॉक्टरांनी त्याला शांतपणे बसवून समजावलं की शेवटी शेवटी शरीरच अन्न मागत नाही, भूक मेल्यामुळे माणूस जात नाही, माणूस जायला निघालाय म्हणून भूक मेलीय. तोंडाने भरवलं तर फुप्फुसात जायचा धोका आहे हेही लपवलं नाही, आजोबांनाही सांगितलं, ते शुद्धीत होते, त्यांनी मान डोलावली. सगळं फाइलवर लिहिलं नि नळी काढली.

सून पेज घेऊन आली. बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून, चमच्याच्या टोकाने भरवलं. दोन चमचे गेले, तिसऱ्याला ठसका. लोणच्याचा खार नुसता जिभेला लावला तर त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी पहाटे गेले, मुलगा जवळ होता, हात मोकळे होते. मनगटावरचे वळ मात्र गेले नव्हते.

पुढच्या ट्रेनिंगला मी हट्टाने वॉर्डातल्या मावशींना घेऊन गेले, बांधायला हात त्यांचेच असतात आणि बोलावणं कधीच नसतं. मावशींनी सरळ विचारलं, रात्री वीस पेशंट नि एक नर्स, मग न बांधता कसं सांभाळायचं ते पण शिकवा. उरलेला वेळ त्यावरच गेला.