लंबक, घड्याळ आणि सूत्राची हद्द

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेत लिहायचे तर प्रयोगशाळेतल्या लंबकाबद्दलच लिहावे, असे वाटले. आपल्यापैकी प्रत्येकाने तो कधी ना कधी टांगलेला आहे. सिद्धान्त हाती घेताना शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर कुठे वेगळ्या वाटेने जातात, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

प्रयोग आठवा. दोऱ्याला धातूचा गोळा, वीस आंदोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्व त्वरण. एकाच आंदोलनाचा वेळ घेतला तर स्टॉपवॉच दाबण्यातली ०.२ सेकंदाची चूक २ सेकंदांत मिसळते, म्हणजे १० टक्के, आणि उत्तरात ती दुप्पट होते. वीस आंदोलने घेतली की वेळेतली चूक अर्ध्या टक्क्यावर येते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. १ सेंटिमीटर त्रिज्या धरायची राहिली, तर १ मीटरच्या लंबकावर उत्तर ९.८१ऐवजी ९.७१ येते. पण वेगवेगळ्या लांब्या घेऊन लांबी आणि आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा, वर्ग यांचा आलेख काढा. रेषेचा उतार बरोबरच येतो, फक्त रेषा आरंभबिंदूतून जात नाही. लांबीच्या अक्षाला १ सेंटिमीटर मागे छेदते. ती विसरलेली त्रिज्याच असते. जे जुळले नाही तेच काहीतरी सांगत असते, ही शास्त्रज्ञाची नजर.

घड्याळ करणाऱ्याचा प्रश्न निराळा. लंबकाचे सूत्र लहान कोनांपुरते खरे, हे पुस्तकात असते. लहान म्हणजे किती, हे त्याला ठरवावे लागते. मध्यापासून ५ अंशांच्या झोक्याला आवर्तकाल सुमारे ०.०५ टक्क्याने वाढतो. प्रयोगवहीत हे दिसणारही नाही, घड्याळात मात्र दिवसाला ४१ सेकंद होतात. झोका कायम तेवढाच राहिला तर गोळ्याखालचा नट फिरवून फरक भरून निघतो. झोका बदलत राहिला तर नाही, म्हणून तो मुळात लहान ठेवतात. शिवाय लंबकाची सळई पोलादाची असेल, तर तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यावर घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने पोलाद आणि पितळ यांच्या सळ्या अशा जोडल्या, की एकीचे वाढणे दुसरीने भरून काढावे.

१६७२ साली जाँ रिशे हा खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळ, दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला, तेव्हा त्याचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक किंचित आखूड केला की घड्याळ पुन्हा बरोबर. घड्याळजीचे काम तिथे संपते. न्यूटनने तीच अडीच मिनिटे उचलली आणि विषुववृत्तापाशी गुरुत्व कमी आहे, पृथ्वी तिथे फुगीर आहे, या मांडणीला त्यांचा आधार घेतला. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण फरक एकच आहे आणि दोघांनीही त्याचे योग्यच केले.

इंजिनिअरिंगमध्ये हद्दीचा प्रश्न सर्वांत बोचतो तो कॉलममध्ये, म्हणजे भार पेलणाऱ्या खांबात. ऑयलरने अठराव्या शतकात दिलेले बकलिंगचे, म्हणजे दाबाखाली कॉलम बाजूला वाकण्याचे, सूत्र गणित म्हणून निर्दोष आहे. लांबी आणि जाडीचे नाते सांगणारा स्लेंडरनेस रेशो १५० असेल, तर पोलादाचा कॉलम सुमारे ८८ मेगापास्कल (दर क्षेत्रफळावरच्या भाराचे एकक) इतक्या दाबाला वाकेल, असे ते सांगते. हे उत्तर बऱ्यापैकी विश्वासाचे. रेशो ५० घेतला, की तेच सूत्र ७९० देते, आणि साधे पोलाद २५० मेगापास्कललाच यील्ड होते, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलू लागतो! सूत्राचा आकडा आणि यील्डचा आकडा साधारण ८९ रेशोला एकमेकांना भेटतात, आणि खरा धोका या भेटीच्या आसपास असतो. तिथला कॉलम सूत्राच्याही आधी आणि यील्डच्याही आधी निकामी होतो. सूत्रातला कॉलम अगदी सरळ असतो, भार बरोबर मध्यावर असतो. खऱ्या कॉलमला थोडा बाक असतो, आणि रोलिंगनंतर, म्हणजे तापलेले पोलाद लाटून आकार दिल्यावर, कडा आधी व मधला भाग नंतर गार झाल्याने आत ताण अडकून राहिलेले असतात.

म्हणून काही सूत्र टाकून देत नाहीत. चाचण्यांत कॉलम खरोखर किती भाराला निकामी झाले ते पाहून त्याच्या खालून वक्र आखतात आणि डिझाइन त्या वक्रावरून करतात. तो वक्र आखताना लांबीच्या हजाराव्या भागाइतका बाक धरण्याची रीत आहे. ३ मीटरच्या कॉलमला ३ मिलिमीटर. उभा करण्याआधी कडेने दोरी ताणून हा बाक मोजतात. जास्त भरला तर कॉलम सरळ करायला परत जातो.