नागदेवीची फेरी: सर्क्युलरचा उलट्या आट्यांचा नट, बेअरिंग आणि पट्टे

बदलापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रंधा आणि सर्क्युलर (गोल ब्लेडची करवत) एकाच बिडाच्या बॉडीवर असलेलं जुनं मशीन आहे. ब्लेडच्या शाफ्टचा नट झिजला होता, बेअरिंग घरघरत होतं, पट्ट्यांना चिरा गेल्या होत्या. स्थानिक दुकानांत काही जमेना, म्हणून मुंबईत यंत्रांच्या सुट्या भागांचा बाजार असलेला नागदेवी स्ट्रीट गाठला.

जवळचं स्टेशन मशीद, पण फास्ट लोकल तिथे थांबत नाही. भायखळ्याला उतरून स्लो पकडा, किंवा थेट सीएसएमटीला उतरून चालत जा. मशीदहून पश्चिमेला बाहेर पडून मोहम्मद अली रोडचा फ्लायओव्हर ओलांडला की नागदेवीच्या गल्ल्या लागतात. रविवारी बाजार बंद असतो. सकाळी फार लवकर पोचूनही उपयोग नाही, शटरं उशिरा वर जातात. हातगाड्यांची गर्दी असते, सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

आता नटाचं. आम्ही शाफ्टच काढून गोणपाटात गुंडाळून नेला होता, आणि तुम्हीही तेच करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. फोटो दाखवून किंवा नुसता झिजलेला नट नेऊन हे काम होत नाही. दुकानातल्या चाचांनी शाफ्टला व्हर्नियर लावला, मग आट्यांवर पिच गेजची (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांच्या मापाची) पात टेकवून उजेडाकडे धरली. फटीतून उजेड आला नाही तेव्हा म्हणाले, "छह सूत, दस आटा. और चूडी उलटी है."

सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिमी, इंचाला १० आटे. इथेच खरा धोका आहे. मिलिमीटर मापाचा उलट्या आट्यांचा एम-२० नट या शाफ्टवर सहज चढतो, कारण त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.५ मिमी आणि आपला २.५४ मिमी. हाताला तो बसल्यासारखा वाटतो, पण व्यासात जवळपास एक मिमीचा फरक असल्याने आटे अर्धवटच पकडतात. फिरत्या ब्लेडसमोर असा नट लावून कोणीही उभं राहू नये. शाफ्टवर चढवल्यावर नट हलला तर परत करा.

उलटे आटे म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून आवळायचे. त्यांचं कारणही समजून घ्या. मशीनसमोर उभं राहिल्यावर नट ब्लेडच्या डाव्या अंगाला असेल तर आटे उलटे असतात, उजव्या अंगाला असेल तर सुलटे. म्हणजे लाकूड कापताना नट आवळला जातो, सुटत नाही. खोलताना ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पाना फिरवायचा. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे खराब केलेले शाफ्ट मी पाहिले आहेत.

या मापाचा उलटा नट त्या दुकानात तयार नव्हता. चाचांनीच सांगितलं, लेथवर करून घ्या. परतल्यावर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून ईएन-८ पोलादाच्या सळईतून करून घेतला, शाफ्ट समोर ठेवूनच.

बेअरिंग ६२०५ होतं: आतून २५, बाहेरून ५२, रुंदी १५ मिमी. लाकडाच्या भुशासाठी दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस घ्या. पत्र्याची झाकणं असलेल्या झेडझेडमध्ये बारीक भुसा शिरतो. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासकट घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालेल. पट्टे ए सेक्शनचे व्ही-बेल्ट, वरून १३ मिमी रुंद. नंबर म्हणजे इंचातली लांबी. दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो.

बसवताना आधी मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात ठेवा. शाफ्टवर बेअरिंग चढवताना फक्त आतल्या रिंगवर टेकेल अशा पाइपच्या तुकड्याने ठोका. बाहेरच्या रिंगवर हातोडी पडली की गोळ्यांमधून दणका जातो आणि नवं बेअरिंगही लवकरच आवाज करू लागतं. फ्लँजची (ब्लेड दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांची) तोंडं स्वच्छ पुसा. तिथे राळेचा बारीकसा कण राहिला तरी ब्लेडच्या टोकाला डगमग मोठी दिसते. नट आवळल्यावर ब्लेड हाताने पूर्ण फिरवून बघा, मग फ्यूज घाला. पहिल्यांदा चालू करताना ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, आणि काही मिनिटं लाकूड न लावता चालवून बंद करा. मग नट पुन्हा तपासा, बेअरिंगच्या हाउसिंगला हात लावा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर पट्टे जास्त ताणलेत, मोटर थोडी शाफ्टच्या दिशेला सरकवा.