लिंबाचा रस आणि हरवलेलं ज्ञान

विज्ञान नेहमी पुढेच जातं असं वाटत असेल तर स्कर्व्हीची (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा, लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना गाठणारा रोग) गोष्ट वाचाच. 1747 मध्ये जहाजावरच्या जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने स्कर्व्हीने आजारी 12 खलाशी घेतले, दोघा-दोघांच्या जोड्या केल्या, कुणाला सायडर (सफरचंदाची दारू), कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी (बिचारे!), आणि ज्या जोडीला संत्री-लिंबं मिळाली ती झटपट बरी झाली. तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडलं. म्हणजे जवळजवळ 50 वर्षं!

पण खरी गंमत पुढेच आहे. 1860 च्या दशकात पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधली हिरवी लाइम आली, आंबट तर आंबट, कोण बघतंय, पण त्यात क जीवनसत्त्व बरंच कमी आणि रस साठवताना उरलंसुरलंही जायचं. कुणाला पत्ताच लागला नाही, कारण तोवर वाफेची जहाजं आलेली, प्रवास छोटे झालेले, मग स्कर्व्ही होणार कधी? 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत रस पिऊनही माणसं आजारी पडली तेव्हा भांडं फुटलं, आणि मग लोक काय म्हणाले, तर रसाचा काही उपयोगच नाही, दोष खराब मांसाचा!

आता लसींबद्दल हेच चालूय ना. गोवर दिसेनासा झाला की लोक विचारतात लस कशाला, आणि लसीकरण घसरलं की गोवर परत हजर.